सुई टोचली, फॉर्म भरला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात नाईटला मला सुई टोचली. पहाटेचे साडेचार, सकाळची सॅम्पल्स काढत होते, पलीकडच्या बेडवरच्या आजोबांची सलाईन संपून नळीत रक्त चढायला लागलेलं, त्यांची सून सिस्टर सिस्टर करून ओरडतेय आणि मी त्या गडबडीत सुईला परत कॅप लावायला गेले. लावायची नसते हे मीच नवीन पोरींना शिकवते, वापरलेली सुई कापून टाकायचा हब कटर तर तीन पावलांवर होता. बोट साबणाने धुतलं, दुसरा ग्लोव्ह चढवला, आजोबांची बाटली बदलली. सुई टोचल्याचं कळवायचा फॉर्म काही भरला नाही.

का नाही भरला ते सांगायला हे लिहितेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आणि त्या बोलणार नाहीत.

नियम तोंडपाठ आहे. धुवायचं, पण दाबून रक्त काढायचं नाही, लगेच कळवायचं, ज्या पेशंटची सुई त्याची टेस्ट करायची, एचआयव्हीचं औषध लागलंच तर पहिला डोस शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर काही उपयोग नाही, आणि एकदा सुरू केलं की २८ दिवस. आता मला सांगा, ३० बेड, खाली गाद्यांवर ९ पेशंट, मी एकटी आणि एक मामा म्हणजे वॉर्डबॉय, तोही दोन वॉर्डांना मिळून, कॅज्युअल्टीला जायचं तर वॉर्ड कोणाच्या भरवशावर टाकू? जनरल हॉस्पिटलला ५ पेशंटमागे १ नर्स हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवले, नंतर ते परत कुठे दिसलं नाही.

पण खरं कारण हे पण नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका ज्युनियरने टोचल्याचं इमानदारीत कळवलं तर तिच्याकडूनच लेखी खुलासा मागवला, लक्ष कुठे होतं म्हणून. तेव्हापासून वॉर्डातलं रजिस्टर कोरं आहे. आणि मीटिंगमध्ये ते कोरं रजिस्टर कौतुकाने दाखवतात, आपल्याकडे प्रिक इंज्युरी निल!

कोविडात असं नव्हतं हो. सहा सहा तास पीपीईत, पाणी नाही, बाथरूम नाही, काही जणी डायपर लावून ड्युटी करायच्या. पण आत जाताना आणि किट काढताना दुसरी कोणीतरी समोर उभी असायची, टेप बघायची, चुकलं तर थांब म्हणायची आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, कारण एकीची चूक सगळ्यांना भोवणार हे माहीत होतं. मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, मे मध्ये हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. लाट ओसरली तशा कोविडपुरत्या घेतलेल्या पोरी ऑर्डर संपली म्हणून घरी गेल्या, ती समोर उभी राहणारी पण गेली. काम मात्र तेवढंच राहिलं.

नोव्हेंबर २०२१ ला तेव्हाच्या अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये कोविड आयसीयूला आग लागून पेशंट गेले, त्यात डॉक्टरसोबत नर्सेसना पण अटक झाली. कोर्टाचं काय ते कोर्ट बघेल. पण त्या आठवड्यात आमच्या चेंजिंग रूममध्ये जे बोलणं झालं ते मला आठवतंय, की शॉर्ट सर्किट वायरमध्ये होतं आणि सापडतो कोण तर ज्याची ड्युटी असते तो. मग स्विचबोर्डमधून ठिणगी उडाली, ऑक्सिजनचा पॉइंट लीक वाटतोय, हे लेखी देताना हात आखडतोच ना.

बर्नआउट म्हणे, म्हणजे कामाने पार गळून जाणं. डब्ल्यूएचओने २०१९ लाच लिहून ठेवलंय की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येतो. आमच्याकडे त्यावर उपाय काय, तर १२ मे ला नर्सेस डे निमित्त योगा सेशन, आणि नाईट करून आलेल्यांनी पण थांबायचं, सही कंपल्सरी! मी शवासनात खरंच झोपले, घोरत होते म्हणे.

पूर्वी पेशंट गेला की त्या दिवशी जेवण जायचं नाही. आता बॉडी पॅक करून त्याच हाताने पुढच्या बेडचं टेम्परेचर लिहिते, आणि सुई टोचली तरी पहिला विचार काय येतो, तर आता कुठे लिहीत बसू. माझं मलाच हे बरं वाटत नाही.

मागणी फार मोठी नाही. नाईटला दोन वॉर्डांत मिळून एक रिलीव्हर सिस्टर द्या आणि टोचल्याच्या फॉर्मवर निष्काळजीपणाचं कारण म्हणून जो रकाना आहे ना तो काढा. त्या जागी तेव्हा वॉर्डात पेशंट किती होते आणि स्टाफ किती, एवढं विचारा.

ज्याची सुई टोचली त्या पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट मी सहा वाजता गुपचूप फाईलमध्ये पाहिला, निगेटिव्ह होता. हिपॅटायटिस सी ची टेस्ट केलेलीच नव्हती. माझी मी बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून करून घेतली, तीन महिन्यांनंतरची बाकी आहे. घरी सांगितलेलं नाही.

आपली,
एक स्टाफ नर्स
(कृपया नाव आणि गाव छापू नये)