आकृतीतला अर्थ शिकवणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वायरिंगच्या वहीच्या झेरॉक्स म्हापशापासून काणकोणपर्यंत कितीतरी गॅरेजांत फिरत आहेत. पानांवर ग्रीसचे अंगठे उमटलेत आणि कोपरे गेलेत, पण वही कुणाची हे निम्म्या पोरांना ठाऊक नाही. म्हणून आभाराचं हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितोय.

पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, 'आकृतीतली गाडी झोपलेली असते.' चावी बंद, स्विच सोडलेले, रिलेच्या (कॉइलमधल्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला करंट नाही, अशा अवस्थेत कंपनी आकृती काढते. म्हणूनच पाच पायांच्या रिलेत ३० नंबर ८७एला चिकटलेला दिसतो आणि ८७ सुटा दिसतो. हे लक्षात न घेता आकृती उघडणारा पहिल्याच रेघेला फसतो. तसंच टिंबाचं. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि मध्ये टिंब नसेल तर तिथे जोड नाही, नुसतं ओलांडणं आहे.

मग आकडे. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, १५ म्हणजे चावीनंतरचा प्लस, ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग, करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याची वाट), ५० म्हणजे सेल्फला जाणारी वायर. हा जर्मन मानक डीआयएन ७२५५२चा हिशेब, पण रिलेवरचे ८५, ८६ (कॉइलची दोन टोकं) आणि ८७ (पुढे जाणारी वायर) आज जपानी आणि देशी गाड्यांतही दिसतात. रिलेची तुमची तपासणी आम्ही जशीच्या तशी करतो. समजा हॉर्नचा रिले आहे. तो काढायचा आणि सॉकेटमध्ये बघायचं. ३०ला कायम १२ व्होल्ट हवेत, ८६ला चावी दिल्यावर, ८५ला स्विच दाबल्यावर अर्थ मिळायला हवा. काही गाड्यांत ८५-८६ उलटे असतात, म्हणून आकृती शेजारी ठेवायची. त्यानंतर फ्युज लावलेल्या वायरने ३० आणि ८७ जोडायचे. हॉर्न वाजला तर पुढची वायर, हॉर्न आणि त्याचा अर्थ तिन्ही धड, दोष रिलेत किंवा कॉइलच्या बाजूला. चार टोचण्यांत अर्धी आकृती बाद होते. रिले बाहेर आहेच तर कॉइलचा ओहमही बघून घ्यायचा. १२ व्होल्टच्या साध्या रिलेला तो साधारण ७० ते १०० येतो.

रंगांच्या पानाने तर किती वायरी कापायच्या वाचवल्या असतील! जपानी आकृतीत बी म्हणजे काळा आणि एल म्हणजे निळा. दोन अक्षरं असतील तर पहिलं मूळ रंगाचं, दुसरं पट्टीचं. जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, जपानीत बहुधा काळी. एकीची सवय घेऊन दुसरीत हात घातला की फ्युज उडालाच. किनाऱ्यालगत उन्हात उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत लालचा गुलाबी होतो, म्हणून हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) टेप चार बोटं सोलून आतला खरा रंग बघायचा, हेही तुमचंच. रंगाशेजारचा आकडाही वाचायचा. तो वायरीची जाडी सांगतो, चौरस मिलिमीटरमध्ये. आकृतीत १.२५ लिहिलंय आणि हातात ०.५ची वायर आली, तर आधी कुणीतरी येऊन गेलंय.

कपलरबद्दल (वायरी जोडणाऱ्या प्लगबद्दल) एकच ओळ आहे, पण लाखमोलाची: चित्र पिनांच्या तोंडाकडून काढलंय की वायरीच्या बाजूने, ते आधी बघ. उलट धरलं तर एका ओळीतल्या सहा पिनांत १ची जागा ६ घेते.

पण वही ज्यासाठी जपून ठेवावी ते पान अर्थाचं. इतर सगळे प्लसपासून वाचायला शिकवतात, तुम्ही अर्थापासून उलटं वर चढायला लावलंत. गोव्यात तेच चालतं, कारण इथे खारा वारा आणि जूनचा पाऊस आधी अर्थाचा बोल्टच खातात. उजव्या टेल लॅम्पचं उदाहरण घ्या. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात आणि इंडिकेटर मरगळतो. नवखा मुलगा बल्ब बदलतो, मग ब्रेकचा स्विच, मग इंडिकेटरचा फ्लॅशर. आकृतीत मात्र ब्रेक, टेल आणि इंडिकेटर तिन्ही बल्बांच्या रेघा खाली एकाच अर्थाला मिळालेल्या दिसतात. तो सुटला की ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बमधून आलेला करंट ५ वॅटच्या टेल बल्बमधून उलटा वर चढतो आणि टेलच्या लाइनवरच्या बाकी दिव्यांतून वाट काढतो.

खात्री करायची तीही दिवा चालू ठेवून. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन दिव्याच्या अर्थावर. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ कुजलाय. दिवा बंद ठेवून ओहम बघणाऱ्यांवर तुम्ही का चिडायचात, ते हिशेब मांडला की कळतं. ०.२ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ५५ वॅटचा हेडलाइट साडेचार अँपिअरच्या वर ओढतो, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट तिथेच जातो आणि उजेडाचा सुमारे चौथा हिस्सा त्याच्याबरोबर. आतल्या एकाच तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते. २१ वॅटचा बल्ब लावला की तिचं सोंग उघडं पडतं.

डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या गाडीत तर अर्थाच्या बोल्टखाली रंगच असतो. बोल्ट काढा, दोन्ही बाजूंचा पत्रा पॉलिश पेपरने उघडा करा, वायरीच्या टोकाला नवा लग आणि दातेरी वॉशर घालून आवळा, आणि ग्रीस आवळल्यानंतर वरून लावा. आधी नाही. वायरीला टाचणी टोचू नका हे तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, तरी लोक टोचतात. त्या भोकातून खारं पाणी शिरतं आणि एका पावसाळ्यात तांबं आतून हिरवं पडतं. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवायला काय जातं?

कॅन लाइनचं, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींचं, पान छोटं, पण पुरतं. बॅटरी सुटी करून ओबीडी (स्कॅनर लावायच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरमध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गेला किंवा वायर तुटली, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. तिथे आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावायचा नाही, हे लाल शाईत आहे ते बरंच आहे.

एका ठिकाणी मात्र आम्ही वहीत हात घातलाय, राग नसावा. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर एकेक फ्युज काढून बघा, असं तुम्ही लिहिलंय. जुन्या जीपला ते ठीक होतं. नव्या गाडीत फ्युज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) जागं होतं आणि आकडाच बदलतो. म्हणून दार लॉक करून अर्धा तास थांबायचं, मग फ्युज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट बघायचे. जिथे आकडा दिसला त्या लाइनीची आकृती काढायची. गाडीचा एकूण करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर बॅटरीलाच दोष द्यावा.

आणखी एक विनंती. वायपर पार्किंगचं (बंद केल्यावर वायपर जागेवर येऊन थांबण्याचं) पान झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये पुसट झालंय. मोटरच्या पार्किंगच्या प्लसवर ५३ए आहे की ५३ई, वाचता येत नाही. तो ५३एच असणार, पण पोरांच्या हाती अंदाजाने भरलेलं पान द्यायला मन होत नाही. मूळ वही एका दुपारपुरती द्याल का? येऊन घेऊन जातो, संध्याकाळी परत आणतो.

देव बरें करूं.

तुमचे,
वही वापरणारे आम्ही सगळे