स्क्रू आधी उलटा फिरवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये असे आपण बजावले होते, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे ते माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी. घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार घडवणाऱ्या किंवा विकत घेतलेल्या गिटारीत आपल्या मनासारखे फेरफार करणाऱ्या अनेकांना दुरुस्तीच्या दुकानात जी वागणूक मिळते, ती आपल्याकडे येण्यापूर्वी मलाही पुरेशी मिळाली होती. वेगळी वागणूकही मिळू शकते, हे त्यांना कळावे असे वाटले.

गिटार आपल्याला आठवत असेलच. जुन्या कपाटाच्या फळीतून कापलेली, कडांवर पॉलिश थोडे दाट बसलेली, आणि जिचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून त्यांचा विद्युत संकेत करणारी चुंबकावरची कॉइल, मी स्वतः गुंडाळला आहे ती. ०.०६३ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार बोटांच्या चिमटीतून सोडत हजारो वेढे द्यायचे, आणि मधेच ती तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, या कामाला किती संध्याकाळी लागतात हे ज्याने ते केले आहे त्यालाच ठाऊक. तो पिकअप उत्तम वाजत होता. मी फक्त ब्रिज (गिटारीच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) बदलून घेण्यासाठी गिटार एका दुकानात दिली, कारण नव्या ब्रिजची भोके ड्रिल प्रेसवर अगदी काटकोनात पाडून हवी होती. गिटार परत आली ती सतत घरघर करीतच. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा दुकानदाराने ती ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडूनसुद्धा न पाहता उत्तर दिले, की घरी गुंडाळलेल्या पिकअपकडून दुसरी अपेक्षा काय करणार; कंपनीचा संच बसवा.

पुढच्या ठिकाणीही हेच ऐकले, आणि त्याच्या पुढच्या ठिकाणी तर पिकअपबरोबर गिटारही टाकून देण्याचा सल्ला मिळाला. त्यातल्या एकाने पिकगार्ड (अंगावरचे, आतले वायरिंग झाकणारे पातळ आवरण) उघडून पाहण्याचे कष्ट घेतले खरे, पण पॉवर ड्रायव्हरने ते स्क्रू पुन्हा असे काही ठोकून बसवले, की त्यांतल्या काहींचे आटे लाकडासकट निघून आले. या मंडळींना काम येत नव्हते असे मी म्हणणार नाही. कंपनीच्या गिटारी त्यांनी माझ्यादेखत व्यवस्थित दुरुस्त करून दिल्या. घरी केलेली वस्तू पाहिली की मात्र त्यांचे कान आधी बंद होत आणि मग तोंड उघडे. इतक्या जणांनी एकच निदान सांगितल्यावर माझाही त्या पिकअपवरचा विश्वास डळमळू लागला होता. (जाता जाता सांगावेसे वाटते, की 'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने जी गिटार घडवायला घेतली, तिचा नेक, म्हणजे लांब मान, एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा आहे, आणि तीच गिटार त्यांनी पुढे आयुष्यभर मोठमोठ्या मंचांवर वाजवली. ती कोणाची हे न सांगता या दुकानांत नेऊन ठेवली असती, तर काय ऐकायला मिळाले असते याचा अंदाज करवतो.)

आपण मात्र पिकअपविषयी काहीच बोलला नाहीत. आपण विचारलेत, "तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते, की तशीच राहते?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. तशीच राहते, असे मी सांगितले. मग आपण मला जॅकच्या (केबल जिथे जोडतात त्या खोबणीच्या) धातूच्या भागाला बोट लावायला सांगितलेत, आणि घरघर एकदम उतरली. वाजवणाऱ्याचे शरीर भोवतालच्या विजेच्या तारांमधली ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर अँटेनासारखी टिपते. गिटारीच्या तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असल्या, तर त्यांना हात लावताच ती बरीचशी निमते. इथे ती जोडणीच तुटली होती. मल्टिमीटरने आपण खात्री करून घेतलीत आणि ब्रिज उचललात. नवा ब्रिज बसवताना अर्थची तार भोकातच दुमडून राहिली होती, आणि तिचे सोललेले टोक धातूला टेकतच नव्हते. दोष पिकअपचा नव्हता आणि माझ्या गुंडाळणीचाही नव्हता.

एवढ्याचेच आभार मानायचे असते, तर ते त्याच दिवशी तोंडी मानून झाले होते. त्यानंतर जे पाहिले ते अजून मनातून जात नाही. स्क्रू पुन्हा बसवताना आपण प्रत्येक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवत होता. अगदी हलक्या हाताने, दाब न देता, कान तिकडे लावून. कुठेतरी तो बारीकसा 'टक्' करून जुन्या आट्यात उतरे, आणि मगच आपण तो सुलटा फिरवून आवळत होता. पिकगार्डचे स्क्रू, ब्रिजचे स्क्रू, सगळ्यांना हीच वागणूक. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे विसरू नये म्हणून आपण कागदावर गिटारीची आकृती काढून त्यावर ते जागच्या जागी टोचून ठेवले होते. ज्या भोकांचे आटे आधीच गेले होते, त्यांत लाकडाची बारीक काडी सरसात बुडवून बसवलीत, ती सुकू दिलीत, जादा भाग कापलात आणि नव्याने बारीक भोक पाडलेत. मी घाईत नसल्याची खात्रीही आपण आधीच करून घेतली होती.

हे का करायचे, हे लाकडात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. स्क्रूने पहिल्यांदा कापलेली वाट लाकूड धरून ठेवते. दरवेळी नवी वाट कापली, तर भोक सैल होत जाते, आणि ब्रिजसारख्या ठिकाणी तर साध्या संचाच्या सहा तारांचा मिळून ४० किलोंच्या आसपास ताण सतत ओढत असतो. पण मला भिडले ते त्यामागचे तंत्र नव्हे. तंत्र तर पॉवर ड्रायव्हर चालवणाऱ्यांनाही ठाऊक असणारच. ती भोके मी पाडली होती, ती वाट माझ्या हाताने कापलेली होती, आणि आपण प्रत्येक वेळी ती आधी शोधून काढत होता. माझ्या कामाला काम मानले गेले, हे मला त्या उलट्या फेऱ्यात दिसले. त्या क्षणी मला काही बोलता आले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. आपण चहूकडे पाहण्याचे सोंग करून मला वेळ दिलात, त्याबद्दलही आभार.

खरे तर या छंदाचा पायाच स्क्रू आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. फेंडर गिटारींचे जनक लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना गिटार वाजवता येत नसे. १९५० साली त्यांनी जी गिटार बाजारात आणली, आणि जिला पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळाले, तिचा नेक सरसाने कायमचा चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी आवळलेला होता. बिघडला तर काढा, बदला, पुन्हा बसवा. आज जगभर लोक एका गिटारीचा नेक दुसऱ्या गिटारीला लावतात, पिकअप बदलतात, वायरिंग उलटेसुलटे करून पाहतात, ते गिटार उघडता येते म्हणूनच. उघडून पुन्हा तितक्याच नेटकेपणाने मिटण्याची सवय मात्र त्यामानाने थोड्यांकडे असते. आपल्यालाही गिटार वाजवता येत नाही, हे आपण हसत सांगितले होते, तेव्हा मला त्या रेडिओवाल्याचीच आठवण झाली होती.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही, तर पत्र अपुरे राहील. पिकगार्डखाली माझे सोल्डरिंग उघडे पडले, तेव्हा मी थोडा संकोचलो होतो. आपण एकेक जोड हलवून पाहिलात आणि म्हणालात, "दिसायला ओबडधोबड आहेत, पण पक्के आहेत. राहू द्या." जो जोड तुटला होता तेवढाच आपण केलात. सगळे उपटून आपल्या हाताने नव्याने करण्याचा मोह कुशल माणसाला किती होत असेल, याची मला कल्पना आहे. मित्राची गिटार हातात आली की मलाही तो होतो. जिथे गरज नाही तिथे हात न लावणे यालाही कौशल्य लागते, आणि त्याहून जास्त सभ्यता लागते. ही सभ्यता दवाखान्यात असो, कचेरीत असो की शिक्षकाच्या लाल पेनात असो, जिथे भेटते तिथे माणूस ती लवकर विसरत नाही.

शेवटी आपण मला खोटी आशाही लावली नाहीत. एकेरी कॉइलचा पिकअप थोडी घरघर करणारच, तो त्याचा स्वभाव आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. ती पूर्ण नको असेल, तर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी मांडलेला दुहेरी कॉइलचा मार्ग आहेच. त्यात दोन कॉइल आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट असतात, म्हणून घरघर आपसात खोडली जाते आणि तारांचा आवाज मात्र जमा होतो. "पण मग हा चकचकीत आवाज राहणार नाही. काय हवे ते तुम्ही ठरवा," एवढेच म्हणून आपण गिटार माझ्या हाती दिलीत. मी तो पिकअप ठेवला आहे. उरलेली घरघर रोज संध्याकाळी ऐकतो, आणि ती मला आता अजिबात खटकत नाही.

दुसऱ्या गिटारीचे काम सुरू झाले आहे. तीत तीन पिकअप असतील, आणि मधला मी उलट्या दिशेने गुंडाळून, चुंबकेही उलटी लावून बसवणार आहे, म्हणजे शेजारच्या पिकअपबरोबर तो वाजवताना घरघर खोडली जाईल. अंगाचा आकार कापून झाला आहे, नेकची खाच खोदून झाली आहे, आणि नेकच्या चार स्क्रूंच्या जागा पेन्सिलीने आखल्या आहेत. खाचेचा तळ सपाट आहे की नाही, हे आपण एकदा पट्टी ठेवून पाहावे अशी विनंती आहे. तोवर मी ती भोके पाडणार नाही. आपल्याला सवड कधी आहे ते कळवावे.

आपला कृतज्ञ,
कपाटाच्या फळीची गिटार वाजवणारा