हे विकायला काढू नकोस

वर्धा
नोव्हेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू विणलेल्या मोज्यांचे फोटो मिळाले. मी ते मोठे करकरून पाहिले, सगळ्यात जास्त वेळ टाचेचा. टाच जमलीय रे तुला! पट्टी विणताना एक टाका विणलास आणि एक नुसता उचललास, त्यामुळे तिथली वीण दाट झाली आहे. बुटात घासतो तो नेमका तोच भाग. पण मला खरं कौतुक वाटलं ते त्याच्या खालच्या भागाचं. ओळ पुरी न करता मधूनच परत फिरायचं, पुन्हा थोडं पुढे जाऊन परत फिरायचं, की सपाट पट्टीची वाटी होते. मी जन्मभर ब्लाऊज शिवले. आम्हाला सपाट कापडाला गोलाई द्यायची तर कापावं लागतं, टक्स घालावे लागतात, कटोरी जोडावी लागते. तुमच्या विणकामात कापड तयार होतानाच ते आकार घेतं. एवढी वर्षं स्वेटर विणूनही मी कधी मोजा केला नव्हता, म्हणून ही गंमत मला तुझ्यामुळे आत्ता कळली.

घोट्याजवळच्या कोपऱ्यात बारीक भोक पडलंय, ते सगळ्यांचंच पडतं. पुढच्या वेळी कडेचे टाके उचलशील तेव्हा अगदी कोपऱ्यात एक टाका जास्त उचल आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर मिळून एक कर. भोक बुजेल.

आता तू विचारलंस त्याबद्दल. ऑफिसातले लोक म्हणतात की एवढं चांगलं करतोस तर विक, इन्स्टाग्रामवर पान काढ, तिथल्या, ड्रेस्डेनच्या नाताळच्या बाजारात टेबल लाव. आणि तू मला विचारतोस, कारण मी शिवणावर पैसे मिळवले.

माझं म्हणणं, विकू नकोस.

आधी हिशेबच बघ. तुझा मोजा ६० टाक्यांचा. नळी आणि पाऊल मिळून शंभरावर फेऱ्या होतात, म्हणजे ६,००० टाके तिथेच झाले. टाच आणि तिच्या बाजूचे वाढीव टाके धरले तर एका मोज्याचे ८,००० च्या आसपास. जोडीचे १५-१६ हजार टाके. त्यांची मजुरी लावायला बसलास तर कोणी घेणार नाही, आणि लोक देतील त्या किमतीत विकलास तर लोकरीचे पैसे जाऊन तुझ्या संध्याकाळींचे चिल्लर उरतील. पण समज, कोणी चांगली किंमत दिलीच, तरी माझं म्हणणं तेच राहील. त्याचं कारण हिशेबात नाही.

मी कमाईला नावं ठेवत नाही. त्या मशीनवर तुझ्या क्लासची फी निघाली, ताईच्या लग्नातली भांडी निघाली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते काम कसं होतं ते तुला लहानपणी दिसलं नसेल. लगनसराईत घरात कापडाचे गठ्ठे असायचे. कापड हातात आलं की मला आधी तारीख दिसायची, रंग नंतर. गळा कुठला, बाही केवढी, अस्तर लावायचं की नाही, हे सगळं दुसरीच्या मनाचं. तेही बरोबरच, कारण घालणार ती होती. पैठणीच्या काठाचा तुकडा मशीनच्या दात्यांखालून सरकताना मनात यायचं की हा काठ पाठीवर असा नको, तसा छान दिसेल. पण ते करून बघायला वेळ कुठला? हातातला संपवायचा आणि पुढचा घ्यायचा. एकदा नीट जमलेली गोष्टच पुन्हा पुन्हा करायची. नवं काही करून पाहायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडावर जुगार खेळायचा.

मी गिऱ्हाइकं घेणं बंद केलं तेव्हा बाबांना वाटलं, आता ही मशीन विकेल. मलाही वाटलं होतं. पुढे किती तरी दिवस मी मशीनवरचं कापड उचललं नाही. मग एका दुपारी ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांची गाठोडी सोडली, आणि गोधडी करायची ठरवली. तुकडे जोडून वरचा पदर मशीनवर केला. आत आजीची जुनी सुती लुगडी घातली आणि मग मशीन झाकून ठेवून सगळा धावदोरा हाताने घातला. कडेपासून सुरुवात करून आत आत येत, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. नव्या खळीच्या कापडात सुई अडते, हे तुला शिवल्यावरच कळेल. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्यात ती लोण्यासारखी जाते. हिरव्या खणाशेजारी जांभळा लावला, नाही आवडला, उसवला, तिथे पिवळा लावला. कोणी विचारणारं नव्हतं. शिवण उसवताना मला राग आला नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

तू रात्री जेवण झाल्यावर सुया घेऊन बसतोस ना, ते हेच आहे. त्यात गिऱ्हाईक आणू नकोस. आज तुला पाऊल अर्ध्यावर आल्यावर वाटलं की वेणीची वीण घालून बघावी, तर तू घालशील, आणि बिघडली तर ओढून उसवशील. उद्या ४२ नंबरच्या पायाचे निळे मोजे अमुक तारखेला द्यायचे असतील तर घालशील का? दे, वाट, ज्याला आवडेल त्याला पाय मोजून करून दे. फक्त पैसे घेऊन नको.

सूतकताईचंही तेच. आमच्या वेळी शाळेत टकळीचा, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर सूत काढायचा, तास असे, आणि किती सूत काढलं त्याला गुण असत. मला टकळी तेव्हा आवडायची नाही. हल्ली मी पेटी चरख्यावर कातते, तो तू सुट्टीत पाहिलास. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३० च्या सुमारास हा चरखा घडत गेला, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. मोठं चाक छोट्याला फिरवतं, छोटं चातीला, म्हणजे सूत गुंडाळलं जातं त्या टोकदार सळईला, आणि सगळं मिटवून पेटी उचलून चालायचं. इथल्या मगन संग्रहालयात जुन्या चरख्यांचे किती तरी प्रकार आहेत. गांधीजींच्या हस्ते ते १९३८ साली सुरू झालं. यंदा आलास की तुला तिथे पुन्हा नेणार आहे, लहानपणी तू नुसता पळत सुटला होतास. ते चरखे ओळीने बघितले की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकामागे एकच ध्यास आहे, कमी वेळात जास्त सूत. १९२९ साली तर चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या काळातले १ लाख! देशाला कापड हवं होतं, रिकाम्या हातांना काम हवं होतं, तेव्हा सूत मोजायलाच हवं होतं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्यामुळेच हे यंत्र माझ्या मांडीपर्यंत आलं. मी मात्र मोजत नाही.

मला काय आवडतं ते सांगते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, डाव्या हातात अगदी हलका धरायचा, दाबला की संपलं. उजव्या हाताने चाक. चातीच्या टोकावरून सूत दर फेऱ्याला निसटतं आणि तेवढा एकेक पीळ त्याला बसत जातो, आणि डावा हात मागे मागे न्यायचा. पीळ पेळूपर्यंत पोचायच्या आधी एवढीशी जागा असते, तिथे तंतू अजून मोकळे असतात, एकमेकांवरून सरकतात. पीळ पोचला की जागच्या जागी घट्ट. सगळी मजा त्या एवढ्याशा जागेत. सुरुवातीला सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. पण पीळ आधी बारीक भागात शिरतो, जाड भाग मोकळाच राहतो. अशा वेळी हात न घाबरता आणखी थोडा मागे नेला की बारीक भाग तुटत नाही, तो पिळाने घट्ट झालेला असतो. जाडच ओढला जातो, आणि डोळ्यांदेखत सूत सारखं होत जातं. मग चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, सूत चातीवर गुंडाळायचं, की पुन्हा पहिल्यापासून. हे मी दुपारभर करू शकते. निघालेल्या सुताचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि त्याने माझं काही अडत नाही.

विणकाम बायकांचं, असं आत्या फोनवर बोलली ते मनावर घेऊ नकोस. पेरूमधल्या ताकीले बेटावर टोप्या पुरुषच विणतात, मुलं लहानपणीच सुया धरतात, आणि तिथल्या कापडकलेची युनेस्कोने २००५ मध्ये दखल घेतली. आपल्याकडेही गावोगावचे कपडे शिंपीदादांनीच शिवले, त्यांना कोणी विचारलं नाही.

स्वेटरचा नमुना मागितलास तो माझ्या वहीतून काढून ठेवलाय. त्यातले सुयांचे नंबर जुने आहेत, तुमच्याकडे मिलिमीटर चालतात. माझी ८ नंबरची सुई म्हणजे तुझी ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तुमच्याकडे उलट. कमरेची आणि गळ्याची पट्टी १० नंबरवर, बाकी अंग ८ वर. पण थेट सुरू करू नकोस. आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विण, धू, वाळव, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोज. २२ आले तर माझी वही जशीच्या तशी चालेल. तू लोकर डाव्या हातात धरतोस, मी उजव्या, त्यामुळे तुझी वीण माझ्यापेक्षा सैल येईल असा माझा अंदाज आहे.

लोकर बघून घे. इथे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. तुझ्याकडे खरी मिळते, तर शंका आल्यास एक धागा जाळून बघ. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिकचा वितळून कडक मणी होतो. मोज्यांच्या लोकरीचं लेबल मी फोटोत वाचलं, ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅममध्ये ४२० मीटर. मोज्याला तेच बरं, नायलॉनमुळे टिकतो. स्वेटरला निव्वळ लोकर घे. फक्त ती गरम पाण्यात टाकून चोळू नकोस. तिच्या तंतूंना खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीचा होतो.

स्वेटर या हिवाळ्यात झाला नाही तरी चालेल. मध्येच मोजे करावेसे वाटले तर कर.

जोशीकाकूंची सून डिसेंबरात तिकडे येते आहे. तिच्याबरोबर वहीच्या पानांच्या प्रती, एक टकळी आणि पेळू पाठवते. गावाकडे वेचा सुरू आहे, पेळू यंदाच्याच कापसाचे आहेत. डब्यात ठेवलेत, त्यावर काही ठेवू नकोस, दबले की सरकत नाहीत. कापसाचा तंतू लोकरीपेक्षा आखूड, जेमतेम इंचभर, म्हणून पीळ बराच जास्त द्यावा लागतो. टकळीचं टोक छोट्या वाटीत टेकवून फिरव, म्हणजे वजन सुतावर येणार नाही. सूत तुटलं की तुटलेलं टोक पेळूच्या तोंडावर नुसतं ठेव आणि टकळी फिरव, आपोआप धरतं, गाठ मारायची नाही.

रविवारी फोन कर, टकळी हातात घेऊनच बसते.

तुझी,
आई