आमची जुनी टाटा ४०७ ट्रक पुन्हा उभी करणाऱ्या वस्तादांना

आदरणीय वस्ताद,
स. न. वि. वि.

हौदा नवा करून आणि क्रेन बसवून गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी आभार मानायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "चहा घ्या आणि गाडी हलवा, मागची लाईन अडलीय." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. जुनी गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणाऱ्या इतरांनाही कळू दे, की चांगला कारागीर नुसतं वेल्डिंग करून देत नाही.

ही ४०७ वडिलांची. हिच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं गुळाचे रवे कोल्हापूरच्या बाजारात पोचवले. टाटांनी ४०७ पहिल्यांदा १९८६ साली काढली. आमची त्यानंतरच्या दशकातली, ४९७ इंजिनाची. चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून ४९७, हेही मला तुमच्याच शेडमध्ये कळलं. इंजिन ठणठणीत होतं, पण हौद्याचा तळ गंजून चाळण झाला होता, फाळके, म्हणजे हौद्याच्या बाजू, बिजागरीतून सुटले होते. भेटेल तो सांगायचा, भंगारात घाला, नवीन घ्या. तुम्ही मात्र गाडीखाली झोपून हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, टोकापासून टोकापर्यंत वाजवून बघितलीत आणि म्हणालात, "हाड चांगलं आहे." माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती रडली.

क्रेन कशाला हवी, हे शिरोळ तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पंचगंगा आणि कृष्णा जिथं भेटतात त्या पट्ट्यात आमची शेती. नदीकाठी पाणीपुरवठा संस्थांच्या मोटरी असतात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की सगळा काठ एकाच वेळी मोटरी काढायला पळतो. धोका पातळी ४३ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ज्या मोटरी निघाल्या नाहीत त्यांच्या वाइंडिंगमध्ये गाळ बसला. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. पन्नास हॉर्सपॉवरची मोटर तीनशे किलोच्या आसपास जाते, पंप आणि बेडसकट तर त्याहून कितीतरी जास्त. निसरड्या काठावर, भर पावसात, लोखंडी तिपाई आणि चेनकप्पीवर ती ओढताना माणसं जायबंदी झालेली मी पाहिली आहेत. भाड्याची क्रेन त्या दिवशी मिळत नाही, कारण ती सगळ्यांनाच त्याच दिवशी हवी असते.

मी जुन्या बाजारातून एक छोटी क्रेन बघून ठेवली होती. विकणारा म्हणत होता, "तीन टन उचलते." तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारलात, "किती लांबवर?" मग शेडच्या फरशीवर खडूनं मांडून मला समजावलंत. ती क्रेन तीन टन-मीटरची. वजन गुणिले अंतर. दोन मीटरवर दीड टन, चार मीटरवर पाऊण टन, आणि त्यातूनही बूमचं, म्हणजे क्रेनच्या हाताचं, स्वतःचं वजन वजा. हा हिशेब मी आता गावातल्या प्रत्येक पोराला करायला लावतो.

त्यानंतर तुम्ही गाडी वजनकाट्यावर पाठवलीत. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. मला वाटलं होतं काम आजच सुरू होईल, तर तुम्ही कागदावर आकडे मांडत बसलात: क्रेन केबिनच्या मागं बसली की पुढच्या ॲक्सलवर किती येणार, सबफ्रेम (चासीवर बसणारी, क्रेन पेलणारी वेगळी चौकट) आणि नवीन हौद्याचं किती, आणि मग माल भरायला किती उरतं. गाडीचं एकूण मंजूर वजन वाढत नाही, क्रेन जेवढी जड तेवढा माल कमी. मी हौद्याच्या तळाला जाड चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) मागितली होती. पाच मिलिमीटरचा साधा पत्रासुद्धा चौरस मीटरला ३९ किलोच्या वर जातो, हे दाखवून तुम्ही पातळ प्लेट घ्यायला लावलीत आणि खाली आडव्या पट्ट्या जवळजवळ दिल्यात. हौदा हलका झाला, आणि त्यावर मोटर आपटली तरी तो वाकलेला नाही.

चासीचं काम तर मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं होतं की क्रेनचा पाया थेट चासीला वेल्ड करून देतो, लगेच घेऊन जा. तुम्ही चासीजवळ वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू दिली नाहीत. त्या पोलादाला नको तिथं उष्णता लागली की तिथंच पुढं तडा सुरू होतो. वरच्या आणि खालच्या पट्टीला भोकही नाही, कारण वाकताना सगळा ताण त्याच पट्ट्या घेतात. भोक पाडायचंच तर उभ्या पाठीत. म्हणून वेगळी सबफ्रेम केलीत, बोल्ट आणि यू-बोल्टनं आवळलीत, आणि तिचं पुढचं टोक तिरकं कापलंत, म्हणजे ताण एका रेषेवर न अडता हळूहळू चासीत उतरतो. कापलेल्या टोकाला ग्राइंडर मारून तुम्ही त्यावरून बोट फिरवत होता, तेव्हा शेडमधली पोरं हातातलं काम सोडून बघत होती. ७०१८ च्या वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय तुम्ही कुणाला हातात घेऊ देत नाही, दमट रॉडनं वेल्डिंगच्या शिरेत बुडबुडे राहतात म्हणून. बाहेर कुणाला न दिसणाऱ्या शिरेसाठी एवढं!

लेथवरच्या दादांचेही आभार. क्रेनच्या सगळ्या पिना आणि बुश त्यांनी नव्यानं काढल्या. आणि होल्डिंग व्हॉल्व्हबद्दल वेगळे आभार. तो होजच्या (तेलाच्या रबरी नळीच्या) वाटेत कुठंतरी न बसवता तुम्ही थेट सिलिंडरला बसवलात, म्हणजे होज फुटला तरी तेल सिलिंडरमध्येच अडकतं आणि वजन जागेवर थांबतं. गेल्या पावसाळ्यात काठावर एक होज खरोखर फुटला. मोटर हवेत होती आणि खाली दोन माणसं उभी होती. मोटर हलली नाही. त्या दोघांपैकी एक माझा धाकटा भाऊ. यापुढं काय लिहू?

चाचणीच्या दिवशी सव्वापट वजन लटकवून, इंजिन बंद करून, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण केलीत आणि आम्हाला जेवायला पाठवलंत. परत आलो तेव्हा खूण जागेवर होती. मग रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह, सेट करून त्यावर लाल रंग मारलात. तो रंग आजवर कुणी खरवडलेला नाही, माझा शब्द आहे.

आरटीओचं काम मला कटकटीचं वाटत होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ तुम्ही मला तोंडपाठ सांगितलंत. गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आरसीवर नोंद नसली तर अपघातानंतर विम्यावाला पहिलं तेच बघतो. आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो. आता तो घेताना मला कुठंही मान खाली घालावी लागत नाही.

तुमच्या सूचना पाळतोय. काठावरचा गाळ मऊ असतो, म्हणून क्रेनच्या पायांखाली बाभळीच्या जाड फळ्या टाकल्याशिवाय बूम उचलत नाही. जॅकवेलजवळ (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीजवळ) ट्रान्सफॉर्मर आणि वरून तारा असतात, म्हणून वायरमननं लाईन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत थांबतो, मग पाणी कितीही चढू दे. यंदा आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मोटरी पाणी यायच्या आधी वर निघाल्या. ज्यांच्या निघाल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही, त्यांच्या वतीनंही हे पत्र.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, गाडी घेऊन येतो. होज बदलायचे आहेत, पिनांची झीज बघायची आहे, सबफ्रेमचे बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. त्या दिवशी शेडमधल्या सगळ्यांचं जेवण आमच्या घरून येईल. आईनं आत्ताच ठरवलंय, तेव्हा नाही म्हणू नका.

आपला कृतज्ञ,
शिरोळकडचा ४०७ वाला