सुभेदारसाहेब, षष्ठीला जेवायला या

सुभेदारसाहेब, रामराम.

पणजोबांबद्दलची तुमची चिठ्ठी देवघरात ठेवलीय. आबा रोज ती काढतात, चष्मा लावून वाचतात आणि परत घडी घालून ठेवतात. फोनवर आभार मानायला गेलो की मला शब्द फुटत नाही, म्हणून लिहितोय.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या 'बसऱ्याला गेले ते' एवढीच आमच्या घरात पणजोबांची ओळख. पणजी नवऱ्याचं नाव कधी घ्यायची नाही, आणि उखाणा घ्यायची वेळ पुन्हा आली नाही. मागे राहिलं एक मेडल. कडेवर नंबर, झिजलेलं नाव आणि पलटणीचं नाव, '117 मराठाज'. ते खिशात घालून मी किती उंबरे झिजवले! एका कार्यालयात माझा अर्ज तीन वर्षं 'वर गेलेला' होता. एका नामांकित अभ्यासकांनी मेडल उलटंपालटं केलं आणि विचारलं, विकायचंय का? आबा बाहेर जिन्यावर बसून होते, हे बरं झालं.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही आधी आबांना पाणी दिलंत. मग नकाशा पसरून तिग्रिस नदीवर बोट ठेवलंत. इंग्रजांच्या फौजेतल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून तिग्रिसकाठच्या कूत गावात त्यांना तुर्कांचा वेढा पडला, उपासमार झाली आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढे कैद्यांची वाळवंटातली पायपीट. हे सांगताना तुम्ही मध्येच थांबलात, आबांकडे बघितलंत आणि विचारलंत, "पुढचं सांगू का?" आम्हाला असं कुणी विचारलं नव्हतं.

बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज साहेबांची आणि सुभेदार-जमादारांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्याबद्दल अशी स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने माफी मागितली ती 2021 साली! नावं कागदोपत्री होती. त्या रजिस्टरमध्ये इंग्रजी स्पेलिंगची वाट लागलेलं आमचं आडनाव तुम्ही नंबरावरून हुडकून काढलंत.

चोवीस वर्षं पलटणीत काढून, पेन्शनीत गेल्यावर तुम्ही इंग्रजांच्या काळातले लष्करी कागद वाचायला बसलात. जोडीदार सिक्युरिटीच्या नोकऱ्या धरत होते तेव्हा तुम्ही डिक्शनरी घेऊन ग्रंथालयात. मी म्हटलं, साहेब, हे प्रोफेसरांचं काम. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ग्रँट डफ तरी कोण होता? कंपनीच्या फौजेतला कॅप्टन. 1818 ला साताऱ्यात आला, प्रतापसिंह महाराजांनी त्याला कागद दाखवले, आणि 1826 ला त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून निघाला. "त्याला राजानं दफ्तर उघडून दिलं, मला शिपाई पेटी उघडून देतो," हे तुमचं वाक्य मी गावभर सांगत असतो.

पण आभार खरे त्या पेन्सिलीच्या ओळीचे. चिठ्ठीत तुम्ही पणजोबांच्या मृत्यूची जुलै 1916 मधली तारीख शाईने लिहिलीत. आम्ही उठलो, तर म्हणालात, थांबा. जुनं पंचांग काढलंत आणि तारखेखाली पेन्सिलीने लिहिलंत: आषाढ वद्य षष्ठी.

तारीख सरकारला लागते, साहेब. पान वाढायला तिथी लागते. शंभरावर वर्षं आम्ही त्यांना सर्वपित्रीला, तिथी माहीत नसलेल्यांच्या रांगेत जेवू घातलं. आबा गाडीत बसेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "माणूस शिकलेला असतो, पण एवढं कुणाला सुचतं?" खरंच, ज्ञानाची माणसं मला पुष्कळ भेटली. समोरच्याला काय हवंय ते न सांगता ओळखणारा एखादाच.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेढ्यांचा बॉक्सही अर्धा परत दिलात. आता ऐकणार नाही. यंदा षष्ठीला घरी या. आबांनी गवारीची भाजी आणि आमसुलाची चटणी आधीच सांगून ठेवलीय. काकींनाही आणा. पहिलं पान पणजोबांचं, त्याच्या शेजारचं तुमचं.

आपला,
117 मराठाजच्या एका शिपायाचा पणतू