मालिकेचे भाग आधीच सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालिकांना शंभर भागांची मर्यादा घाला, असं पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचलं. पत्रलेखकाचा वैताग मला पटला, शंभराचा आकडा मात्र पटला नाही. ताणून ताणून विटलेली मालिका मी घरात सोसली आहे आणि घाईत गुंडाळलेलीही पाहिली आहे. दुसरीचं दुःख मला अजून जास्त आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी लिहिते.

आमचं घर वडगावात. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. ते चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळे २०१८ च्या दिवाळीत मुलीने मला 'गेम ऑफ थ्रोन्स' ही काल्पनिक राज्यातल्या सिंहासनाच्या लढाईची इंग्रजी मालिका लावून दिली, ती मी कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त पाहिली. खालची इंग्रजी ओळ थांबवून थांबवून वाचायची, अडलं की मुलीला विचारायचं. काही दृश्यं आईने मुलीशेजारी बसून पाहण्यासारखी नव्हती, ती आम्ही पुढे सरकवली. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला परत गेली तरी माझं पाहणं चालूच राहिलं. सात पर्वांचे ६७ भाग मी एप्रिलच्या आत पुरे केले, कारण आठवं पर्व आम्हा दोघींना एकाच वेळी पाहायचं होतं.

१५ एप्रिल ते २० मे २०१९, असे ते सहा सोमवार. तिकडे रविवारची रात्र असायची आणि आपल्याकडे सकाळचे साडेसहा. घरचे माग आठला सुरू होतात. तोवर मी चहा घेऊन मोबाइलसमोर बसायची, मुलगी तिकडे तिच्या खोलीवर बसायची. भाग संपला की तिचा फोन यायचा. पोरगी घरापासून लांब गेल्यावर "जेवलीस का" याच्यापलीकडे बोलायला काही उरत नाही, असं पुष्कळ आया सांगतात. आमच्याकडे बोलायला एक अख्खं राज्य होतं.

पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रसंगात, राज्याच्या उत्तर टोकाच्या भिंतीपलीकडच्या बर्फाळ जंगलात, मेलेली माणसं उठून येताना दाखवली आहेत. तो धोका पुढे सात पर्वं हळूहळू जवळ येत राहतो. आणि आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात, ८२ मिनिटांत, एका रात्रीत, तो संपतो. त्या भागात इतका अंधार होता की मी मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवून डोक्यावर चादर घेतली होती. संपल्यावर मुलीचा फोन आला आणि दोघींनाही काही सुचेना. एवढी वाट पाहायला लावलीत ती यासाठीच का, असं वाटत राहिलं.

सुरुवातीला त्या राज्यात राजाला उत्तरेकडून राजधानीला जायला महिना लागायचा. वाटेत माणसं भांडायची, बदलायची, एकमेकांना ओळखायची. सातव्या पर्वात बर्फात अडकलेल्या लोकांसाठी एक कावळा निरोप घेऊन समुद्राकाठच्या किल्ल्यावर पोहोचतो आणि तिथून ड्रॅगन येऊनही जातात. माझं माहेर जांबोटीच्या बाजूला. पावसाळ्यात तिथून बेळगावला यायला किती वेळ जातो, ते मला ठाऊक आहे. वाट खरी वाटली नाही तर त्या वाटेवरचा माणूसही खरा वाटत नाही. सिंहासन मिळवायला निघालेल्या, ड्रॅगन बाळगणाऱ्या राणीचं, डेनेरिसचं, तसंच झालं. शरणागतीच्या घंटा वाजल्यावर ती नगर जाळते. ती असं करणारच नाही, असं माझं म्हणणं नाही. सत्तर भाग जिच्या पाठीशी उभी राहिले, तिचं मन फिरताना मला नीट बघायचं होतं. तेवढा वेळ लेखकांनी दिलाच नाही.

पहिली सहा पर्वं प्रत्येकी दहा भागांची, सातवं सात भागांचं, आठवं सहाचं. एकूण ७३. वाहिनी आणखी पर्वं द्यायला तयार होती, पण बनवणाऱ्यांना संपवायचं होतं. मालिका ज्यांवर बेतली त्या कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड जुलै २०११ मध्ये आला, त्यानंतरचा अजून आलेला नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि पायाखालची लिहिलेली वाट संपली. माझ्या मते दुखणं तिथे आहे. भाग कमी पडले हे नंतरचं. शेवट लिहून झालेला नसताना काम सुरू केलं होतं, हे आधीचं.

आता ताणलेल्या मालिकेचं. वाहिनीचं नाव घेत नाही. सासूबाई एक दैवी चमत्कारांची मालिका रोज संध्याकाळी बघायच्या, तीन वर्षं बघितली. एकच खलनायिका तीनदा मेली आणि तीनदा परत आली. मध्ये वेळ बदलली, तर सासूबाईंनी जेवणाची वेळ बदलली. शेवटी शेवटी अंथरुणावरून विचारायच्या, "कवा संपतंय गे हे? माझ्या डोळ्यादेखत संपंल न्हवं?" त्या गेल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी वाहिनीने ती मालिका दोन दिवसांत आवरून टाकली. मधली वीस वर्षं उडवली, सगळे एका देवळात जमले, आरती झाली, संपलं. मी उभ्यानेच बघितलं.

त्याच घरात श्रावणात नवनाथांची पोथी वाचली जाते. पूर्वी सासरे वाचायचे, आता माझे यजमान वाचतात. मालू कवींच्या 'नवनाथ भक्तिसार'चे अध्याय ४०. त्यात काय नाही? अस्त्रं आहेत, भस्माची चिमूट आहे, स्त्रीराज्यात अडकलेल्या मच्छिंद्रनाथांना परत आणायला निघालेला गोरक्ष आहे. नऊ दिवसांत कोणत्या दिवशी कुठवर वाचायचं ते ठरलेलं असतं. चाळिसाव्या अध्यायात मागच्या सगळ्या अध्यायांची फलश्रुती येते, मग नारळ फुटतो. पहिल्या दिवशी ऐकायला बसलेल्या म्हातारीलाही नारळाचा दिवस माहीत असतो. म्हणून मधला एखादा अध्याय लांबला तरी कुणी उठून जात नाही.

आणि शंभराच्या आकड्याबद्दल. लाख श्लोकांचं म्हणतात ते महाभारत दूरदर्शनवर ९४ भागांत बसलं. पण रामायण ५२ भागांचं ठरलं होतं, ते ७८ पर्यंत गेलं. १९८७ साली आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी आम्ही त्या घराच्या खिडकीतून बघायचो. वाढलेले भाग तेव्हा कुणाला खुपले नाहीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माग बंद पडले होते, तेव्हा मी ते पुन्हा बघितलं. तेव्हाही नाही खुपले. गोष्ट कुठे जाऊन थांबणार हे ठाऊक असलं की माणूस धीर धरतो.

म्हणून सरकारी नियमाची मागणी मी करत नाही. मालिका सुरू होतानाच वाहिनीने भाग किती हे सांगावं, आणि शेवट लिहून झाल्यावरच पहिला भाग दाखवावा. आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या मालिकांची ओळख येते. तिथे कलाकारांच्या नावांबरोबर हा आकडाही वाहिन्यांना विचारून छापाल का? जिथे सांगितला नाही, तिथे "सांगितला नाही" असं छापा.

डेनेरिसच्याच घराण्याची आधीची कथा 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये २०२२ पासून सुरू आहे. पहिलं पर्व दहा भागांचं, २०२४ चं दुसरं आठ भागांचं. मुलगी दोन वर्षं मागे लागली होती आणि मी नाहीच म्हणत होते. मग एके दिवशी तिने फोनवर सांगितलं, "आई, चारच पर्वं करणार म्हणून त्यांनी जाहीर केलंय." त्या रात्री माग बंद झाल्यावर मी पहिला भाग लावला.

आपली,
एक वाचक भगिनी, वडगाव, बेळगाव