हर्णैला तुम्ही दोघांनी यावे की नाही, याविषयी

पुणे,
३ फेब्रुवारी २०२६

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

शनिवार-रविवारी समीर, इरा आणि मी असे आम्ही तिघे हर्णैला जाऊन आलो, हे फोनवर तुमच्या कानावर घातलेच आहे. पण आईने "चढ किती आहे गं?" आणि बाबांनी "रस्ता कसा आहे?" एवढे विचारेपर्यंत फोन इराने ओढून घेतला आणि पुढची पंधरा मिनिटे ती समुद्रात उतरणाऱ्या बैलांविषयीच बोलत राहिली. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे राहूनच गेली, म्हणून हे पत्र. कोकण पाहण्याचा विषय आपल्या घरी दर हिवाळ्यात निघतो आणि बाबांचे गुडघे व आईला लागणारी गाडी या दोन कारणांपाशी येऊन थांबतो. त्यामुळे या वेळी मी मुद्दाम तुमच्या सोयीचा हिशेब मनात ठेवूनच सगळे पाहिले. माझे मत आधीच सांगते: तुम्ही यावे, मात्र सरसकट सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये.

बाबा, सार्वजनिक बांधकाम खात्यात हयात गेलेल्या माणसाला रस्त्याविषयी लिहिताना मला थोडे दडपण येते, तरी लिहिते. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर करत माणगावला महामार्ग गाठायचा, लोणेऱ्याला तो सोडून गोरेगावमार्गे आंबेतला यायचे आणि सावित्री ओलांडून मंडणगड, दापोली व हर्णै, असा हा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग आहे. समीरने गाडी सावकाश चालवली, चहापाण्याला आम्ही दोनदा थांबलो, आणि सकाळी निघालेलो आम्ही दुपारच्या जेवणाला पोहोचलो. आईसाठी सांगते, वळणांचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे ताम्हिणीचा उतार, आणि दुसरे म्हणजे मंडणगडच्या पुढचा रस्ता. तो नकाशात साधासुधा दिसतो, पण प्रत्यक्षात टेकडी चढायची की वळसा घालायचा हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलेले नाही. ताम्हिणीपेक्षा हा दुसरा तुकडा जास्त जाचतो, कारण तोवर पोटात नाश्ता गेलेला असतो. आईने पुढच्या सीटवर बसावे, गोळी मुळशीच्या आधी घ्यावी आणि नाश्ता माणगावला हलकाच करावा.

आंबेतच्या पुलावर रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. तिथे खाली उतरून मी पाणी पाहत उभी राहिले, तेव्हा बाबांची आठवण येणे साहजिकच होते. याच नदीवर, वरच्या अंगाला महाडजवळ, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. त्या आठवड्यात तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नव्हता. तिथला नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. येताना तुम्हाला तो पाहायचा असेल, तर परतीला महाडवरून यावे. थोडा वळसा पडेल, पण तो पूल तुम्ही पाहिल्याशिवाय राहणार नाही हे मला ठाऊक आहे. मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्याची पाटीही वाटेत दिसते.

आता हर्णैविषयी. गाव समुद्रात थोडे पुढे आलेल्या टोकावर आहे आणि त्याचा सगळा जीव बंदरात आहे. मोठ्या नौका किनाऱ्याला लागत नाहीत. समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला त्या पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात आणि माल लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर येतो. इराचे बैल ते हेच. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही उधाणाच्या; दुपारी पाणी वरपर्यंत येऊन गेले होते आणि चारनंतर ते इतके मागे हटले की लिलावाला मैदानच मोकळे झाले. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे राहतात, होडी गाडीला भिडते, खलाशी टोपल्या आणि क्रेट भराभर गाडीत टाकतात, आणि गाडी परत फिरली की फळ्यांच्या फटींतून खारे पाणी चाकांवर गळत राहते. एका गाडीवानाने बैलांच्या पायांवर गोड्या पाण्याची बादली ओतलेली मी पाहिली. खाऱ्या पाण्याने खुरांना त्रास होतो, म्हणून रोज धुवावे लागतात, असे त्याने सांगितले.

लिलाव आईने पाहायलाच हवा. भिगवणच्या बाजारात उजनीच्या चिलापीचे ढीग तू लहानपणापासून पाहिलेस, मामांबरोबर पहाटे जात होतीस, तेव्हा भाव पुकारणे तुला नवे नाही. पण तिथे चिलापी, रोहू, कटला, मरळ एवढ्यात यादी संपते. इथे वाळूवर एका ओळीत बांगडे, सुरमई, पापलेट, बोंबील, मांदेली, म्हाकूल, शिंगाळा आणि सोलट असे ढीग मांडलेले असतात. शिवाय कोणत्याच ढिगात न बसणारे, रंगीबेरंगी आणि चमत्कारिक तोंडांचे मासे एका बाजूला पडलेले असतात, त्यांच्याकडे मुलांखेरीज कोणी पाहत नाही. पुकारणारा माणूस ढिगाभोवती फिरत बोलतो आणि बोली इतक्या लवकर तुटते की आपल्याला आकडा कळेपर्यंत बायका माल उचलून बर्फात टाकायला लागलेल्या असतात. घाऊक सौदा पुरुष तोडताना दिसले. पण माल निवडणे, घासाघीस आणि रोकड मोजणे यांवर बायकांचीच हुकमत आहे. एका बाईने सुरमईचे कल्ले उघडून मला आतला लाल रंग दाखवला आणि बोटाने अंग दाबून, खड्डा राहत नाही ना, ते मलाच तपासायला लावले. तू घरी जे करतेस तेच, फक्त मासा हाताएवढा लांब. लिलाव आटोपल्यावर किरकोळ विक्री होते, मासा तिथेच साफ करून मिळतो, आणि आम्ही उतरलो होतो त्या घरी तो रांधूनही दिला.

एका तांडेलाशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशी, समीर बराच वेळ बोलत होता. त्याची तक्रार पापलेटाविषयी होती. पूर्वी या आकाराचे पापलेट आम्ही घरी कालवणाला ठेवायचो, आता तेच बाजारात मांडतो, असे तो म्हणाला. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमासा हा मान मिळाला आणि त्याच सुमारास लहान मासळी धरू नये म्हणून किमान आकारही ठरवून दिले गेले. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे; तरी दिवे दिसतात, असे त्याचे म्हणणे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेवढ्या दोन महिन्यांत समुद्र भरून येत नाही, हे त्याचे गणित. मला त्याचे बोलणे पटले. ज्याचे पोट मासळीवर आहे तोच जाळे आवरायला सांगतो, तेव्हा ते गांभीर्याने घ्यावे.

बाबा, तुळशीची माळ घातल्यापासून तुम्ही मासळीचा वासही टाळता, त्यामुळे लिलावाच्या वाळूवर तुम्ही येणार नाही, आणि येऊही नये. ओली वाळू, मासळीचे पाणी आणि घाईत पळणारी माणसे यांत गुडघ्याचे काही खरे नाही. तुमच्यासाठी मी दुसरी जागा हेरून ठेवली आहे. बंदराच्या टोकाला कनकदुर्ग नावाचा लहानसा किल्ला आहे. किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही, आता तिथे दीपगृह आहे. पायऱ्या आहेत, पण मध्ये थांबत गेले तर तुम्हाला जमतील; मी त्या चढताना दर टप्प्यावर तुमच्या गतीचा विचार केला. वरून सगळे बंदर, नौका, खालचा लिलाव आणि समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग एकदम दिसतो. आई खाली लिलावात आणि तुम्ही वर, अशी वाटणी केली की दोघांचेही समाधान होईल, आणि वरून हाक मारायची सोय नसली तरी मोबाइल आहेच.

सुवर्णदुर्गात मात्र तुम्ही जाऊ नये, हे मी स्पष्टच लिहिते. होडी लवकर पोहोचते, पण चढताना-उतरताना पाण्यातून जावे लागते आणि लाट आली की तरुण माणसाचाही तोल जातो. आम्ही गेलो. महादरवाजाशी पायरीवर कासव कोरलेले आहे आणि भिंतीत मारुती आहे. आत झाडोरा माजलेला आणि वास्तूंचे अवशेष विखुरलेले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा आहे. तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. १७५५ मध्ये पेशव्यांच्या मदतीने कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढे तो वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनमध्ये १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला आणि त्याला याच किल्ल्याचे नाव दिले. इंग्रजी उच्चारात ते सेव्हर्नड्रूग झाले. तो मनोरा अजून उभा आहे. आपल्याच माणसांनी आपल्याच आरमाराचा कणा मोडायला परक्यांना हात दिला, यावर तुम्ही तासभर बोलाल याची मला खात्री आहे, आणि त्यासाठी कनकदुर्गावरची बाकेच योग्य.

रविवारी सकाळी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. खाडीवर पूल झाल्यामुळे तरीत बसावे लागत नाही आणि गाडी मंदिरापाशी जाते, तेव्हा तिथे निश्चिंत यावे. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. आसूदचे केशवराजाचे देऊळ मात्र यादीतून काढा. सुपारीच्या वाडीतून उतरायचे, ओढा ओलांडायचा आणि मग पायऱ्याच पायऱ्या. मुरूडला थोडे थांबलो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण त्या गावात गेले. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही, ही गोष्ट बाबांनीच मला शाळेत असताना सांगितली होती. असले घाट गाडीच्या काचेतून पाहिल्यावर ती गोष्ट आता वेगळीच वाटते.

राहण्याच्या जागेविषयी थोडे सावध लिहिते. रात्रीसाठी आधी जिथे नोंदणी केली होती, तिथे छायाचित्रांतला समुद्र गच्चीच्या कोपऱ्यातून मान वाकवल्यावर दिसत होता आणि स्वच्छतागृहाला दीड फूट उंच उंबरा होता. आम्ही तिथून निघालो आणि आंजर्ल्यात एका घरगुती निवासात उतरलो. तिथे खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, आणि मालकीणबाई शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करतात, हे मी स्वयंपाकघरात जाऊन पाहून घेतले. वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि सांगून ठेवले तर मोदक, असा बाबांचा बेत होईल. त्यांच्या घरामागच्या वाडीत अजून मोकळी जागा दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळी आता कुठे धरू लागल्या आहेत. सुपारीला पाच-सात वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे या लोकांनी पर्यटकांच्या खोल्यांवर काढली, असे त्या सांगत होत्या.

माझी सूचना मार्चच्या मध्याची आहे. होळी महिन्याच्या सुरुवातीलाच आहे आणि शिमग्याच्या दिवसांत नौका मासेमारीला जात नाहीत, गावात गर्दीही फार असते. ते उलटू द्यावे. त्यानंतर उन्हाळा वाढण्याआधी जो पंधरवडा मिळतो तो चांगला, शिवाय आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्या सुमारास समुद्रात सोडतात, ती इराला आजीबरोबरच पाहायची आहेत. तुम्ही कुर्डूवाडीहून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला यावे, आमच्याकडे एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि मग निघावे. परतताना दापोलीला एक मुक्काम केला, तर सलग बसणे टळेल. तिथली हवा थंड आहे, आणि कोकण कृषी विद्यापीठाची रोपवाटिका पाहिल्याशिवाय आई काही दापोली सोडणार नाही. कलमे गाडीत किती बसतील हे समीरने आत्ताच मोजून ठेवले आहे.

बाबांनी गुडघ्यांचे डॉक्टर काय म्हणतात ते विचारून घ्यावे, आणि आईने गोळीचे. तारीख या आठवड्यात कळवा, कारण त्या घरी तळमजल्याची खोली एकच आहे आणि मार्चमध्ये ती लवकर जाते, असे मालकीणबाईंनी निघताना दोनदा सांगितले आहे.

तुमची,
वैजू